विजेच्या गाडीची थंडीतली रेंज: हीट पंपामुळे नक्की किती फरक पडतो?

कॅनडात टोरांटोजवळ मिसिसॉगाला राहणाऱ्या माझ्या भाचीचा परवा फोन आला. "मामा, विजेची गाडी घ्यायची ठरवलीय. मॉडेल तेच, पण एका प्रकारात हीट पंप आहे आणि दुसऱ्यात नाही. दुसरी बरीच स्वस्त पडते. ऑफिसातला एक जण म्हणतो, हीट पंपाशिवाय घेऊच नकोस, हिवाळ्यात अडकशील. दुसरा म्हणतो, खरी थंडी पडली की तो पंप बंदच पडतो, पैसे वाया. मी कोणाचं ऐकू?"

दोघांनीही आपापल्या अनुभवातलं खरं तेच सांगितलं असणार, तरी दोघांच्या बोलण्यातून तिला उत्तर मिळत नव्हतं. तिच्यासारखे अनेक जण या प्रश्नाशी अडखळतात. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत पारा उणे वीसच्या आसपास उतरला, तेव्हा चार्जिंग स्टेशनांवर रांगा लावून बंद पडलेल्या विजेच्या गाड्यांचे व्हिडिओ जगभर फिरले. आपल्याकडेही ते व्हॉट्सॲपवर आले आणि "थंडीत या गाड्या मरतात" असा निकालही सोबत आला. दुसरीकडे नॉर्वेत त्याच वर्षी विकल्या गेलेल्या १०० नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ गाड्या पूर्ण विजेवरच्या होत्या, आणि नॉर्वेतला हिवाळाही काही प्रेमळ नसतो. हा गुंता सोडवायचा तर हीट पंप नेमकं काय करतो इथून सुरुवात करावी लागते.

थंडीत रेंज जाते कुठे?

रेंज म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जितकं अंतर जाईल तितकं. ती थंडीत घटते, हे तर सगळ्यांना माहीत असतं. पण ती घट एकाच भोकातून होत नाही.

पहिलं कारण बॅटरी. तिच्या आतला द्रव गारठला की विद्युतभार वाहून नेणारे लिथियमचे कण संथ होतात, बॅटरीचा आतला विरोध वाढतो आणि साठवलेल्या विजेतला काही भाग बाहेर पडता पडता आतच खर्च होतो. ब्रेक लावताना चाकांकडून जी वीज परत बॅटरीत यायची, तीही गार बॅटरी पूर्ण घेऊ शकत नाही. दुसरं कारण हवा. गार हवा दाट असते. अधिक वीस अंशांच्या हवेपेक्षा उणे वीसची हवा साधारण १६ टक्के जास्त दाट, म्हणजे हमरस्त्यावर गाडीला तितक्याच जास्त जाड हवेतून वाट काढावी लागते. टायर कडक होतात, रस्त्यावर बर्फाचा रबडा असतो, त्यात चाकं रुततात.

आणि तिसरं कारण म्हणजे आत बसलेली माणसं. त्यांना ऊब हवी असते.

पेट्रोलच्या गाडीत ही ऊब फुकट मिळते. पेट्रोल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकीचा उष्णता होऊन बाहेर जातो. त्यातलीच थोडी उष्णता नळीने आत वळवली की झाला हीटर. चुलीवर भाकरी होते आणि वैलावर आंघोळीचं पाणी आपोआप तापतं, तसा हा प्रकार. विजेची मोटर मात्र इतकी काटकसरी असते की वैलावर ठेवायला तिच्याकडे फारसं काही उरत नाही. म्हणून आतली ऊब बॅटरीतली वीज खर्चूनच तयार करावी लागते.

या तिसऱ्या कारणाचा वाटा किती मोठा आहे, हे अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये मोजून दाखवलं. पाच विजेच्या गाड्या उणे साडेसहा अंशांच्या आसपास चालवल्या. हीटर बंद ठेवला तेव्हा रेंज सरासरी १२ टक्क्यांनी घटली. हीटर लावला तेव्हा ४१ टक्क्यांनी. गाड्या त्याच, थंडीही तीच. मधला सगळा फरक आतल्या उबेचा. हीट पंप हात घालतो तो इथे, फक्त या तिसऱ्या भोकाला. बाकीच्या दोन भोकांवर त्याचा फारसा जोर चालत नाही. पुढचं सगळं समजायला ही एक गोष्ट मनात पक्की असलेली बरी.

कांडी आणि पंप

ज्या गाडीत हीट पंप नसतो तिच्यात साधा विजेचा हीटर असतो. बादलीत पाणी तापवायला आपण जी कांडी सोडतो, तिचाच हा सुधारलेला भाऊ. एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते. यात चोरी नाही, गळती नाही, पण वाढही नाही. (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच युनिट, एक किलोवॉट-तास. गाडीची बॅटरीही त्याच मापाने मोजतात.)

हीट पंप उष्णता तयार करत नाही, उपसतो. विहिरीतून पाणी काढताना आपण पाणी बनवत नाही. पाणी तिथे असतंच, ते वर आणण्यापुरते कष्ट पडतात. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून गाडीच्या आत आणतो. वीज लागते ती या ओढण्यापुरती. म्हणून एक युनिट विजेच्या मोबदल्यात दोन, कधी तीन युनिट उष्णता आत येते. यात ऊर्जेच्या नियमाला कुठेही धक्का लागत नाही, कारण वरची उष्णता बाहेरच्या हवेतून आलेली असते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात हे यंत्र आहे, फक्त उलट्या दिशेने लावलेलं. स्प्लिट एसीचं बाहेरचं युनिट भर मे महिन्यात गॅलरीत गरम वारा फेकत असतं, तो वारा म्हणजे खोलीतून उपसलेली उष्णता. फ्रिजच्या मागची बाजू गरम लागते, तेही तेच. आता कल्पना करा की एसी उलटा बसवला: गार वारा बाहेर, गरम वारा आत. झाला हीट पंप. ही कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडली होती. गाड्यांत ती यायला मात्र दीडशेहून जास्त वर्षं गेली. निसानच्या लीफमध्ये २०१३ च्या मॉडेलपासून ती दिसू लागली, टेस्लाने २०२० मध्ये मॉडेल वायपासून ती घेतली.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

बाहेर उणे दहा असताना तिथे उपसायला उष्णता आहेच कुठे, हा प्रश्न भाचीनेही विचारला. प्रश्न अगदी रास्त आहे.

शून्य अंश म्हणजे पाणी गोठण्याची खूण. उष्णता संपल्याची खूण ती नव्हे. उष्णता पूर्ण संपते ती उणे २७३ अंशांना. त्या हिशेबाने उणे दहाची हवासुद्धा २६३ अंश वर आहे. आड कोरडा पडलेला नाही, पाणी खोल गेलं आहे इतकंच.

आणि इतक्या खोलातून ते उचलायला पोहराही तसाच लागतो. तो पोहरा म्हणजे एसीत भरतात तो गॅस. मेकॅनिक "गॅस संपलाय" म्हणतो तोच. आजच्या बऱ्याच गाड्यांत जो गॅस वापरतात तो साध्या दाबाला उणे २९ अंशांच्या आसपास उकळतो. म्हणजे उणे दहाची हवा आपल्याला हाडं गोठवणारी असली, तरी त्या गॅसच्या दृष्टीने ती चुलीसारखी आहे. गाडीच्या पुढच्या भागातल्या नळ्यांतून तो द्रवरूपात फिरतो, बाहेरच्या हवेची उष्णता शोषून उकळतो आणि त्याची वाफ होते. माठातलं पाणी बाहेर झिरपून उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, तसंच हे शोषणं. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक चटका बसेल इतकं तापतं हे ज्यांनी लहानपणी हात लावून पाहिलंय, त्यांना दाबल्यावर काय होतं हे सांगायला नको. तापलेली वाफ आतल्या नळ्यांत जाते, तिथे पुन्हा द्रव होते आणि बाहेरून आणलेली उष्णता आतल्या हवेला देते. पुढे एका बारीक झडपेतून दाब उतरवून तोच द्रव पुन्हा बाहेरच्या नळ्यांत. रहाटाची माळ फिरत राहावी तसं हे चक्र चालू राहतं.

नव्या गाड्यांतले पंप बाहेरच्या हवेवरच अवलंबून नसतात. मोटर आणि तिच्या शेजारची विजेची यंत्रणा चालताना जी थोडीफार तापते, ती उबही ते गोळा करतात. हमरस्त्यावर तासभर गाडी चालल्यावर या हातभाराला किंमत येते.

आता हिशेब करू

इथे एक मध्यम आकाराची गाडी धरू. बॅटरीत वापरता येतील अशी ६० युनिट, आणि छान हवेत १०० किलोमीटरला १५ युनिट खर्च. म्हणजे रेंज ४०० किलोमीटर. पुढचे आकडे या मानलेल्या गाडीचे आहेत. प्रत्येक गाडीत ते थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र हेच राहील.

बाहेर शून्य अंश, गाडी ताशी ९० ने हमरस्त्यावर. दाट हवा, कडक टायर आणि गारठलेली बॅटरी यांमुळे नुसतं चालायलाच १०० किलोमीटरला १८ युनिट लागतात असं धरू. हीटर लावलाच नाही तरी रेंज ३३३ वर आली. आत ऊब ठेवायला साधारण तीन किलोवॉट उष्णता लागते. शंभर किलोमीटर जायला एक तास सात मिनिटं लागतात, म्हणजे कांडीच्या हीटरला ३.३ युनिट. एकूण २१.३ युनिट, रेंज सुमारे २८२ किलोमीटर. आता हीट पंप लावू. तो एकाला अडीच या दराने उष्णता आणतोय असं धरलं तर त्याच उबेला १.३ युनिट पुरतात. रेंज सुमारे ३११.

म्हणजे थंडीने ११८ किलोमीटर नेले, त्यातले २९ हीट पंपाने परत आणले. साधारण चौथा हिस्सा. हीट पंप असला की थंडीत रेंज घटतच नाही असं सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याच्यासमोर हा चौथा हिस्सा ठेवावा. आणि त्याने काडीचा फरक पडत नाही म्हणणाऱ्यासमोरही तोच ठेवावा. भर हिवाळ्यात अनोळखी रस्त्यावर पुढचं चार्जिंग स्टेशन ३०० किलोमीटरवर असेल, तर २९ किलोमीटर ही फार मोठी गोष्ट आहे.

आता तीच गाडी शहरात आणू. बर्फ, सिग्नल, गर्दी, ताशी २५ चा वेग. इथे १०० किलोमीटर व्हायला चार तास लागतात आणि हीटर चारही तास चालू राहतो. चालायला १६ युनिट धरले तर कांडीच्या हीटरला त्यावर आणखी १२ लागतात! रेंज २१४. हीट पंपाला लागतात ४.८ युनिट, रेंज २८८. फरक एकदम ७४ किलोमीटरचा.

हे बघून मी स्वतः पहिल्यांदा थबकलो होतो. ऊब वेळेवर मोजली जाते आणि रेंज अंतरावर, म्हणून गाडी जितकी हळू तितका हीटर महाग आणि तितका पंपाचा फायदा मोठा. पण शहरात एका दिवसात २१४ किलोमीटर कोण जातं? ताशी २५ ने त्याला साडेआठ तास लागतील. टॅक्सी किंवा सामान पोचवणारी गाडी चालवणारा जाईल, आणि त्याच्यासाठी हीट पंप खरोखर रोजीरोटीचा प्रश्न आहे. भाचीसारख्या नोकरदार माणसाचा रोजचा फेरा ५०-६० किलोमीटरचा, तो कुठल्याही हीटरवर आरामात होतो. याचा अर्थ असा की पंपाचा फायदा सगळ्यात जास्त दिसतो तिथे बहुतेकांना त्याची निकड नसते, आणि लांबच्या प्रवासात निकड असते तिथे फायदा आटोपशीर असतो. या यंत्राबद्दल इतकी उलटसुलट मतं ऐकू येतात, त्याचं निम्मं कारण मला हे वाटतं. जो तो आपल्या रस्त्याचा अनुभव सांगतो.

एक तिसरा प्रकारही आहे, दहा-पंधरा मिनिटांच्या छोट्या फेऱ्यांचा. मुलाला शाळेत सोडलं, गाडी थांबली, गारठली, तासाभराने पुन्हा भाजी आणायला निघालो. दर वेळी गार झालेल्या काचा, सीटा, पत्रा नव्याने तापवायचा. अशा वेळी दर किलोमीटरचा खर्च भयंकर दिसतो, आणि गाडीच्या पडद्यावरचा तो आकडा बघून लोक घाबरतात. यात हीट पंपाची मदत मर्यादितच होते, कारण सुरुवातीच्या मिनिटांत तो स्वतःच गारठलेला असतो आणि घाईने लागणारी उष्णता बऱ्याचदा कांडीच पुरवते.

"कडाक्याच्या थंडीत तो बंद पडतो म्हणे"

बंद पडत नाही, दमतो.

विहीर जितकी खोल तितकं पाणी उपसणं जड. बाहेर अधिक पाच असताना उष्णता थोडीच वर उचलायची असते, उणे वीसला बरीच. शिवाय अति थंडीत गॅसची वाफ विरळ होते, म्हणजे पोहऱ्याच्या दर खेपेला पाणीही कमी येतं. एकाला अडीचवरून दर घसरत घसरत उणे वीसच्या आसपास एकाला सव्वा-दीडवर, कधी त्याहीपेक्षा खाली येतो. मघाच्याच गाडीचा हमरस्त्यावरचा, उणे वीसचा हिशेब असा: चालायला २० युनिट, ऊब पाच किलोवॉट. कांडीवर रेंज सुमारे २३५, पंपावर (एकाला १.३ धरून) सुमारे २४७. फरक उरला १२ किलोमीटरचा. म्हणून अनेक कंपन्या पंपासोबत एक छोटी कांडीही ठेवतात, आणि ते योग्यच आहे. फोक्सवॅगनने आपल्या विजेच्या काही गाड्यांत कार्बन डायऑक्साइड हाच गॅस म्हणून वापरला. थंडीत तो जास्त तगतो, पण त्याला दाब फार लागतो आणि यंत्रणा महाग होते.

म्हणून हीट पंपाचा खरा मोसम आहे तो अधिक दहापासून उणे दहापर्यंतचा. आणि इथे नकाशा कामाला येतो. टोरांटो आणि शिकागो या दोन्ही शहरांत जानेवारीचं सरासरी तापमान उणे तीन-चारच्या आसपास असतं, नॉर्वेच्या ऑस्लोतही शून्याच्या थोडंसंच खाली. कॅनडातल्याच विनिपेगला मात्र ते उणे सोळाच्या घरात जातं. उणे पंचवीसची रात्र सगळ्यांच्या लक्षात राहते, फोटोही तिचेच निघतात. पण टोरांटोच्या हिवाळ्यातले बहुतेक दिवस पंपाच्या मोसमात बसतात. भाचीच्या ऑफिसातला तो दुसरा गृहस्थ विनिपेगहून आला असेल, तर त्याचंही काही चुकलं नाही.

शून्याच्या आसपासच्या ओलसर हवेत आणखी एक अडचण येते. बाहेरच्या नळ्यांवर दंव गोठून बर्फाचा थर बसतो आणि पंपाला थोडा वेळ काम थांबवून तो वितळवावा लागतो. फ्रीजरमध्ये बर्फ साठला की आपण करतो तेच. गाडी हे आपलं आपण करते, फक्त तेवढ्यापुरती ऊब कमी झाल्यासारखी वाटते.

यंत्र म्हटलं की बिघाड आलाच. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाला अमेरिकेत सुमारे २६ हजार गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर करावी लागली. हीट पंपातली एक झडप सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे नको तेव्हा उघडत होती, गॅस एका जागी अडकत होता आणि समोरच्या काचेवरचं धुकं नीट निघत नव्हतं. नवं सॉफ्टवेअर पाठवून ते दुरुस्त झालं. पण कांडीपेक्षा पंपात झडपा, नळ्या, गॅस, संगणक हे सगळं जास्त असतं, हे मान्य करायला हवं. वॉरंटी संपल्यानंतरच्या दुरुस्तीचा विचार गाडी घेतानाच केलेला बरा.

मग शिकागोत काय झालं?

तिथे अडकलेल्यांत बऱ्याच गाड्या टेस्लाच्या होत्या, आणि त्या वेळेपर्यंत टेस्लाच्या नव्या गाड्यांत हीट पंप येतच होता. तरीही रांगा लागल्या, कारण ती अडचण चार्जिंगची होती.

गार बॅटरी वीज पटकन घेऊ शकत नाही. चार्ज होताना लिथियमचे कण ऋण टोकाच्या थरांत शिरत असतात. एसटीच्या दारातून प्रवासी एकेक करून आत चढतात तसं. थंडीत आत सरकायला वेळ लागतो. मागून लोंढा आला तर गर्दी दारातच तुंबते, आणि लिथियम आत न जाता बाहेरच्या बाजूला धातूचा थर होऊन बसतं. त्याने बॅटरी कायमची खराब होते. म्हणून गाडी स्वतःच चार्जिंग हळू करते. एरवी अर्ध्या तासात होणारं काम मग खूप लांबतं. एका गाडीला जास्त वेळ लागला की मागची रांग वाढते, रांगेतली माणसं ऊब ठेवायला हीटर चालू ठेवतात आणि आधीच तळाला गेलेली बॅटरी आणखी उतरते. काही चार्जरही त्या थंडीत चालत नव्हते.

यावर उपाय असतो, पण तो रांगेत उभं राहण्याआधी करावा लागतो. गाडीच्या नकाशात चार्जिंग स्टेशनचा पत्ता टाकला की बऱ्याच गाड्या वाटेतच बॅटरी तापवायला लागतात. सवयीचं स्टेशन म्हणून पत्ता न टाकताच गेलं, तर बॅटरी गारच पोचते. कडाक्याच्या थंडीत लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने हीट पंप आहे का या प्रश्नाआधी बॅटरी आगाऊ तापवण्याची सोय आहे का हे विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नॉर्वेत बहुतेक लोक गाडी घरीच रात्रभर चार्ज करतात, आणि त्यांचं निभावण्याचं मुख्य रहस्य मला ते वाटतं. गाडी भिंतीच्या विजेला जोडलेली असतानाच, निघायच्या अर्धा तास आधी आतली हवा आणि बॅटरी तापवून घ्यायची. ही ऊब बॅटरीतून जात नाही, घरच्या मीटरवर चढते. तिथल्या वाहनचालक संघटनेने २०२० च्या हिवाळ्यात २० गाड्या एकाच रस्त्यावर, बॅटरी संपेपर्यंत चालवल्या. कंपनीने सांगितलेल्या रेंजपेक्षा सरासरी १८.५ टक्के घट दिसली. ह्युंदाईच्या कोनाची घट दहा टक्क्यांच्या आत राहिली आणि तिच्यात हीट पंप होता. ओपेलच्या अँपेरा-ईमध्ये तो नव्हता, तिची घट जवळपास ३० टक्के झाली. या दोन गाड्यांत इतरही बरेच फरक आहेत, त्यामुळे मधले वीस टक्के एकट्या पंपाच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. तरी एवढं नक्की दिसतं की थंडी एकच असली तरी सगळ्या गाड्या सारख्या गारठत नाहीत.

"त्यातले पैसे परत मिळतात का?"

युरोपात काही गाड्यांवर हीट पंप वेगळे पैसे भरून घ्यावा लागायचा, साधारण हजार युरोच्या आसपास. मघाच्या हमरस्त्याच्या हिशेबात दर १०० किलोमीटरला दोन युनिट वाचले. हिवाळ्यात पाच हजार किलोमीटर झाले तर १०० युनिट. घरच्या विजेला युनिटमागे ३५ सेंट धरले तर वर्षाला ३५ युरो. हजार युरो वसूल व्हायला अठ्ठावीस वर्षं लागतील, तेवढं आयुष्य गाडीचंही नसतं. रोज शहरात तासन्‌तास गाडी चालवणाऱ्याचा किंवा महागड्या सार्वजनिक चार्जरवर अवलंबून असणाऱ्याचा हिशेब बराच बरा निघेल, पण तोही काही दोन-तीन वर्षांत फिटणार नाही.

म्हणून वीजबिल वाचवण्यासाठी हीट पंप घेऊ नये. तो घ्यायचा तो थंडीतल्या त्या जास्तीच्या तीसेक किलोमीटरसाठी, आणि हीटर लावताना हात आखडावा लागू नये यासाठी. रेंज वाचवायला कोट-मफलर घालून, दात वाजवत गाडी चालवणारी माणसं असतात. काचेवर धुकं धरल्यावरही हीटर बंद ठेवणं तर सरळ धोक्याचं आहे. स्वस्तातला उपाय हवा असेल तर गरम सीट आणि गरम स्टिअरिंग बघावं. ही दोन्ही मिळून जेमतेम दोनशे वॉट खातात, आणि अंगाला ऊब लागली की आतली हवा दोन-तीन अंश कमी असली तरी चालून जातं.

आपल्याकडे याचं काय?

काश्मीर, लेह-लडाख, हिमाचलचा वरचा भाग असा हिमालयातला थंड पट्टा सोडला तर भारतात या यंत्राची फारशी गरज नाही. निफाडला जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहावर उतरतो तेव्हा बातमी होते, पण दुपारी तिथेच स्वेटर काढून ठेवावा लागतो. महाराष्ट्रात गाडी घेताना कोणी हीट पंपाची जाहिरात करून जास्तीचे पैसे मागितले, तर खुशाल नको म्हणावं.

आपला प्रश्न उन्हाचा. त्याच ट्रिपल एच्या चाचणीत ३५ अंशांना एसी लावल्यावर रेंज सरासरी १७ टक्क्यांनी घटली, एसीशिवाय फक्त चार टक्क्यांनी. नागपूर-अकोल्याचा मे महिना तर ३५ च्या खूप पुढचा. थंडीतल्या ४१ पुढे १७ लहान दिसतात, त्याचं एक मोठं कारण असं की एसी आधीपासूनच पंप आहे, तो उष्णता उपसूनच बाहेर टाकतो. आणि नॉर्वेकरांची युक्ती इथेही तितकीच लागू पडते: गाडी प्लगला जोडलेली असतानाच मोबाइलवरून एसी लावायचा, गार करून मग निघायचं.

भाचीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. तिला तीन गोष्टी विचारल्या. गाडी रात्री कुठे उभी राहणार, तिथे प्लग मिळणार का, आणि हिवाळ्यात ओटावाच्या लांबच्या फेऱ्या किती. बिल्डिंगच्या तळघरात जागा आहे, प्लगचं माहीत नाही, ओटावाला वर्षातून दोनदा, असं ती म्हणाली. तळघरात बर्फ पडत नाही. तिथे प्लग मिळाला तर सकाळी गाडी उबदार आणि भरलेली मिळेल, मग स्वस्तवाली बिनधास्त घ्यावी. ओटावा साडेचारशे किलोमीटर, तिथे जाताना थांबावं दोन्ही गाड्यांना लागेल. प्लग मिळत नसेल आणि सगळं चार्जिंग बाहेरच करायचं असेल, तर प्रत्येक युनिट महाग पडतं आणि दर आठवड्याला चार्जरच्या रांगेत उभं राहावं लागतं. तेव्हा हीट पंपवालीच बरी.

"म्हणजे आधी बिल्डिंगच्या मॅनेजरला फोन करू?" तिने विचारलं.

हो म्हटलं. शोरूमला नंतर.